फिडेल नायडू : द्वारम वेंकटस्वामी नायडू

आपल्या हैदराबाद शहरात रामकोटीच्या बाजूने संध्याकाळी जाणाऱ्यास पुष्कळदा व्हायोलिनचे स्वर ऐकू येतात. १९५२ साली स्थापन झालेले शासकीय संगीत व नृत्य महाविद्यालय तेथे आहे. आज ते श्रीत्यागराजांच्या नावाने ओळखले जाते. काचीगुडा, सुलतान बाजार ह्या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांस हे स्वर अपरिचित नाहीत. आपल्या घरी पेटी आणि तबला, तर शेजारच्या तेलुगू घरी वीणा किंवा फिडेल, असे येथील सांगीतिक शेजारधर्माचे स्वरूप आहे. तेलुगू भाषेने इंग्रजांचा फिडल हा शब्द फिडेलु असा आपलासा करून घेतला, आणि ज्या एका पुरुषाच्या नावामागे तो बिरुदासारखा कायमचा चिकटला, ते म्हणजे द्वारम वेंकटस्वामी नायडू. आंध्र देशात त्यांना फिडेल नायडू एवढेच म्हटले तरी पुरे होई. त्यांचे चरित्र आपल्या विद्यार्थ्यांस ठाऊक असावे, म्हणून हा अल्प प्रयत्न.

चरित्राकडे वळण्यापूर्वी त्या वाद्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. व्हायोलिन हे मूळचे युरोपातील वाद्य. दक्षिणेच्या संगीतात ते आणण्याचा मान सामान्यतः बाळुस्वामी दीक्षितर ह्यांस दिला जातो. हे थोर रचनाकार मुत्तुस्वामी दीक्षितरांचे धाकटे बंधू. त्यांचा काळ १७८६ ते १८५९. मद्रासजवळील मणली येथे एका युरोपीय वादकाकडून त्यांनी हे वाद्य शिकून घेतले व त्यावर आपले राग वाजविले. त्याच सुमारास तंजावरास आपल्या भोसले घराण्यातील दुसरे सरफोजी महाराज राज्य करीत होते. त्यांच्या दरबारातील चार कलावंत बंधूंपैकी वडिवेलु हाही व्हायोलिनमध्ये निष्णात झाला. पुढे तो त्रावणकोरास गेला, आणि तेथील स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ साली त्याला हस्तिदंती व्हायोलिन देऊन गौरविले. तात्पर्य, ह्या परदेशी वाद्याने दक्षिणेत मूळ धरले त्या काळात एका मराठी राजाच्या दरबाराचा त्याला आश्रय होता. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून येथे मुद्दाम नमूद केली.

वेंकटस्वामींचा जन्म ८ नोव्हेंबर १८९३ रोजी बंगळूर येथे झाला. तो दिवस दिवाळीचा होता. वडील वेंकटरायुडू लष्करात नोकरीस होते. पुढे हे कुटुंब विशाखापट्टणास येऊन राहिले, आणि वेंकटस्वामींचे बालपण त्या समुद्रकाठच्या गावी गेले. घरात दिव्यांच्या सणाला जन्मलेल्या ह्या मुलाची दृष्टी मात्र लहानपणापासूनच अधू होती, आणि वयाबरोबर ती अधिकच मंदावत गेली. अशा मुलाचे पुढे कसे होणार? त्या काळी बेताच्या परिस्थितीतील घराला हा प्रश्न फार मोठा होता. नोकरी म्हटली की लेखन-वाचन आले, आणि लेखन-वाचन म्हटले की डोळे आले. शाळेची वाट अशा रीतीने अवघड झाली.

ह्या प्रसंगी त्यांचे वडील बंधू वेंकटकृष्णय्या पुढे आले. ते स्वतः व्हायोलिन वाजवीत. त्यांनी धाकट्या भावाच्या हाती ते वाद्य दिले व त्याचे शिक्षण स्वतःच सुरू केले. वेंकटस्वामींचे पहिले गुरू ते हेच. भावाभावांच्या प्रेमाच्या कथा आपण पुराणात पुष्कळ वाचतो. परंतु रोज सकाळी उठून मंददृष्टी भावाजवळ बसावे, त्याचे बेसूर स्वर शांतपणे ऐकून घ्यावेत आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा, हे कार्य कोणत्याही वीरकथेइतकेच कठीण आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

कारण व्हायोलिन हे नवशिक्याची कठोर परीक्षा पाहणारे वाद्य आहे. पेटीवर पट्टी दाबली की स्वर हमखास उमटतो. वीणेला किंवा सतारीला पडदे असतात. बोट कोठे ठेवावे ते डोळ्यांना दिसते. व्हायोलिनच्या मानेवर पडदा नाही, खूण नाही. केसभर इकडेतिकडे झाले की स्वर बिघडला. उजव्या हातात घोड्याच्या केसांचा गज. त्यावर राळ घासलेली असते, म्हणून तो तारेला धरतो. जोर जास्त झाला तर किंचाळी निघते, आणि कमी झाला तर आवाज विरून जातो. पाश्चात्य वादक उभा राहून हनुवटीखाली वाद्य धरतो. आपल्या दक्षिणेतील वादक मात्र मांडी घालून बसतो. वाद्याची एक बाजू छातीशी टेकवितो व दुसरे टोक उजव्या पायाच्या घोट्यावर स्थिर करतो. अशा बैठकीने डाव्या हातावर वाद्य पेलण्याचा भार राहत नाही, आणि तो तारेवरून मोकळेपणाने घसरू शकतो. गमकांनी नटलेल्या कर्नाटक संगीतास ही मोकळीक अत्यावश्यक आहे. तारांची जुळणीही निराळी : चार तारा षड्ज-पंचम, षड्ज-पंचम अशा लावतात, म्हणजे कोणत्याही गायकाच्या पट्टीला वाद्य मिळविता येते.

शिक्षणाचा क्रमही ठरलेला असतो. प्रथम मायामाळवगौळ रागात साधी स्वरावली. ह्या रागाचे स्वर आपल्या भैरवाशी जुळतात. नंतर जोडस्वर, मग निरनिराळ्या तालांतील अलंकार, त्यापुढे गीते, वर्णम्, आणि शेवटी त्यागराजादिकांच्या कृती. प्रत्येक पाठ तीन लयींत म्हणजे विलंबित, त्याच्या दुप्पट व चौपट असा वाजवावा लागतो. नुसत्या स्वरावलीतच महिनेच्या महिने जातात. ज्याला बोट कोठे पडले हे नीट दिसत नाही अशा मुलाला एकच मार्ग होता : कान तयार करणे. परंतु नीट विचार केला तर डोळस विद्यार्थ्यालाही ह्या वाद्यात शेवटी तोच मार्ग धरावा लागतो. वेंकटस्वामींस तो पहिल्या दिवसापासून धरावा लागला, एवढाच फरक.

अशा साधनेत त्यांची पंचविशी उलटली. इकडे विशाखापट्टणच्या उत्तरेस सुमारे साठ किलोमीटरांवर विजयनगरम हे संस्थान होते. (हंपीचे विजयनगर ते हे नव्हे, विद्यार्थ्यांनी घोटाळा करू नये.) तेथील विजयराम गजपती महाराजांनी १९१९ साली एक संगीत पाठशाळा स्थापन केली. तिच्या स्थापनेची कथा अशी सांगतात की, राजवाड्यातील एका अधिकाऱ्याचा मुलगा अंध होता व त्याला संगीताची ओढ होती. त्याच्या शिक्षणाची सोय व्हावी ह्या हेतूने महाराजांनी केवळ एक शिक्षक न नेमता सर्वांसाठी पाठशाळाच उघडली. ह्या पाठशाळेत विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळावा, ही इच्छा धरून वेंकटस्वामी विजयनगरमास गेले. त्यांचे वादन तेथे ऐकण्यात आले. परिणाम असा झाला की, त्यांस विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नाही. त्यांची नेमणूक व्हायोलिनचे अध्यापक म्हणून झाली! त्या वेळी त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते.

हा प्रसंग लोक मोठ्या कौतुकाने सांगतात, आणि कौतुक योग्यच आहे. परंतु त्यातील एक गोष्ट सहसा निसटते. इतकी वर्षे साधना केल्यावरही आपण अद्याप विद्यार्थीच आहोत, अशी ह्या माणसाची प्रामाणिक समजूत होती. वाजवून झाल्यावर तीच तरुण मुलांसोबत खाली बसण्याची तयारी ठेवून तो आला होता.

पाठशाळेचे पहिले प्राचार्य आदिभट्ल नारायणदास हे होते. आपल्या कीर्तनाशी साम्य असलेल्या हरिकथेच्या कलेत आंध्र देशात त्यांना पितामह मानतात. संस्कृत, तेलुगू, फारसी अशा अनेक भाषांचे पंडित, तालावर विलक्षण प्रभुत्व, आणि स्वभाव अतिशय स्वाभिमानी. अशा पुरुषाच्या छायेत वेंकटस्वामींनी सतरा वर्षे अध्यापन केले, आणि १९३६ साली ते स्वतः प्राचार्यपदी आले. त्या पाठशाळेतून किती विद्यार्थी तयार झाले ह्याची मोजदाद येथे करीत नाही. एकच नाव सांगितले म्हणजे हैदराबादच्या वाचकास पुरेसे होईल : ज्यांची गाणी आपल्या शहरातील गल्लीगल्लीत अजून ऐकू येतात, ते चित्रपटगायक घंटसाल वेंकटेश्वरराव ह्याच विजयनगरमच्या पाठशाळेत शिकले, आणि तेव्हा तेथील प्रमुख नायडू होते.

आता त्यांच्या कलेकडे वळू. कर्नाटक मैफलीत गायक मध्यभागी बसतो आणि व्हायोलिनवादक बाजूला. गायकाने आलाप केला की त्याच्या मागोमाग तोच आलाप वाजवावा, त्याने तान घेतली की तीच तान उमटवावी, आणि स्वतःचे सामर्थ्य गायकापेक्षा वरचढ दिसू देऊ नये, अशी ही साथसंगत. ती कनिष्ठ दर्जाची कला आहे असे कोणी समजू नये. क्षणापूर्वी ऐकलेले क्षणात वाजविण्यास फार मोठी विद्या लागते. नायडूंनीही पुष्कळ मोठ्या गायकांची साथ केली. परंतु हे वाद्य कायम दुसऱ्याच्या सावलीत राहावे, हे त्यांस मान्य नव्हते. १९३८ साली वेल्लोर येथे त्यांनी व्हायोलिनची स्वतंत्र मैफल केली. मध्यभागी गायक नाही, शब्द नाहीत. केवळ चार तारा आणि एक गज. त्यानंतर अशा मैफली ते वरचेवर करू लागले, आणि एकलवादनाची प्रथा दक्षिणेत रूढ होण्यास त्यामुळे मोठे साहाय्य झाले.

त्यांच्या वादनाच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्या ऐकताना प्रथम लक्षात येतो तो नादाचा भरीवपणा. गज लांब आणि स्थिर चालतो. स्वर तुटत नाही. कृती वाजविताना शब्द कोठे थांबतो, कोठे वळतो, ह्याची जाणीव वादनात सतत दिसते. साहित्य ठाऊक असलेल्या श्रोत्यास ते शब्द जणू ऐकू येतात. आपल्याकडे उत्तर हिंदुस्थानी पद्धतीत गजाननबुवा जोशी (१९११–१९८७) ह्यांनी व्हायोलिनवर ख्यालगायकी उतरवून हेच कार्य केले. दोघांच्या पद्धती भिन्न, परंतु दोघांच्याही वाद्यातून प्रत्यक्षात गळाच गातो.

सन्मान यथाकाल आले. १९४१ साली मद्रासच्या संगीत अकादमीने त्यांस संगीत कलानिधी ही पदवी दिली; कर्नाटक संगीतात ह्याहून मोठा मान नाही असे समजतात. १९५२ साली जगप्रसिद्ध व्हायोलिनवादक यहुदी मेनुहिन भारतात आले असता मद्रासला न्यायमूर्ती पी. व्ही. राजमन्नार ह्यांच्या घरी त्यांनी नायडूंचे वादन ऐकले व ते अत्यंत प्रसन्न झाले. ज्या वाद्याचे घर युरोप, त्या वाद्याचा तिकडील श्रेष्ठ वादक आंध्रातील एका अधूदृष्टी शिक्षकासमोर श्रोता होऊन बसला, हे दृश्य डोळ्यांपुढे आणण्याजोगे आहे. पुढे १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९५७ मध्ये पद्मश्री, असे राष्ट्रीय गौरवही त्यांस लाभले.

ह्या सर्व काळात त्यांचा जीव मात्र एका साध्या गोष्टीत गुंतलेला होता, ती म्हणजे तंबोरा. तंबोऱ्याच्या नादाचे वैशिष्ट्य व स्वरस्थाने ह्यांचा त्यांनी पुष्कळ अभ्यास केला आणि त्यावर लेखनही केले. हजारो श्रोत्यांची वाहवा मिळविलेल्या वादकाने तंबोऱ्यासारख्या, ज्याच्याकडे सभेत कोणाचे फारसे लक्षही जात नाही, अशा वाद्यावर लिहावे ह्याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्याला आयुष्यभर दृष्टीऐवजी श्रुतीच्या आधाराने चालावे लागले, त्याला तो आधार देणारे वाद्य सर्वांत जवळचे वाटले तर त्यात नवल कसले?

मद्रास हे त्या काळी दक्षिणेच्या संगीताचे केंद्र. सभा, पैसा, वर्तमानपत्रे, ध्वनिमुद्रिकांचे कारखाने, सारे तेथे. तरुणपणीच तेथे जाऊन राहिले असते तर नायडूंची कीर्ती अधिक लवकर पसरली असती, ह्यात शंका नाही. तरीही आयुष्याची ऐन उमेदीची वर्षे त्यांनी विजयनगरमच्या पाठशाळेतच घालविली. त्यात त्यांचे काहीच नुकसान झाले नाही असे म्हणणे खोटे होईल. नुकसान झाले, पण ते त्यांनी स्वीकारले, आणि त्याचा लाभ आंध्र देशातील मुलांना मिळाला.

२५ नोव्हेंबर १९६४ रोजी, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र भावनारायणराव पुढे त्याच विजयनगरमच्या महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. कन्या मंगतायारु ह्यांनीही व्हायोलिन हेच आपले जीवितकार्य मानले. जन्मशताब्दीच्या वर्षी, १९९३ साली, भारतीय टपाल खात्याने नायडूंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. तिकिटे जमविण्याचा छंद असलेल्या आपल्या शाळेतील मुलांच्या वह्यांत ते कोठे सापडल्यास त्यांनी ते जपून ठेवावे, आणि घरी वडील मंडळींस दाखवावे.