गिटार न वाजवणारा लिओ

गॅदरिंग जवळ आलं की आमच्या बँडमध्ये एकच वाद सुरू होतो: अॅम्प कुठला घ्यायचा? एकाला मेटल वाजवायचंय, त्याला हाय-गेन पाहिजे. दुसऱ्याला गाण्यांना साथ करायचीय, त्याला स्वच्छ आवाज हवा. मग दोन चॅनलवाला घ्यायचा की तीन, यावर रात्रीचे दोन वाजतात. या भांडणाचं मूळ शोधत गेलं की लिओ फेंडर भेटतो. गंमत म्हणजे त्याला गिटार वाजवताच येत नव्हती!

लिओचा जन्म 10 ऑगस्ट 1909 चा. कॅलिफोर्नियात फुलर्टनजवळ त्याच्या आईवडिलांची संत्र्यांची बाग होती. लहानपणीच त्याचा एक डोळा गेला आणि तिथे काचेचा बसवला गेला. शिक्षण अकाउंट्सचं, नाद मात्र रेडिओचा. (आपल्या हॉस्टेलवर बहुतेकांचं उलटं आहे.) मंदीत नोकरी गेली, तेव्हा 1938 मध्ये 600 डॉलर उसने घेऊन त्याने रेडिओ रिपेअरचं दुकान टाकलं. गावातले वादक आपले बिघडलेले अॅम्प घेऊन यायचे. काय जळतं, काय सैल होतं, कुठे खरखर येते, हे त्याला त्या टेबलावर कळत गेलं. 1946 मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली. टेलिकास्टर आणि 1954 ची स्ट्रॅटोकास्टर सगळ्यांना माहीतच आहेत, त्यात जागा घालवत नाही.

मला सांगायचंय ते अॅम्पबद्दल. व्हॉल्व्हला झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल दिला की लाटेचा माथा कापला जातो. लॅबमध्ये सीआरओवर आपण बघतो तेच क्लिपिंग. लिओच्या हिशेबी हा चक्क दोष होता. तो घालवायला त्याने निगेटिव्ह फीडबॅक वापरला, पॉवर वाढवत नेली. डिक डेल नावाचा गिटारवाला एवढ्या जोरात वाजवायचा की स्पीकर फाटायचे. लिओ वैतागला नाही. त्याने डेलसाठी 15 इंची स्पीकरचा ‘शोमन’ बनवला. 1963 च्या ‘ट्विन रिव्हर्ब’मध्ये 85 वॅट होते आणि चॅनलही दोन, नॉर्मल आणि व्हायब्रेटो. पण दोन्ही स्वच्छच! एक साधं, दुसऱ्यात इफेक्ट, बस.

आणि पोरांनी काय केलं, तर हेच अॅम्प फुल्ल पिळून मुद्दाम आवाज फाडला. लंडनला जिम मार्शलच्या दुकानात 1962 च्या सुमारास लिओच्या ‘बासमन’चं सर्किट जवळजवळ जसंच्या तसं उचलून पहिला मार्शल तयार झाला. पुढे कॅलिफोर्नियातच रँडल स्मिथने लिओचा छोटासा ‘प्रिन्स्टन’ उघडून त्यात मोठ्या अॅम्पचा मालमसाला भरला. नंतर त्याने प्रीअॅम्पमध्ये एक जादा गेन स्टेज घातली आणि ‘मेसा बूगी’ला पायाने चॅनल बदलायची सोय दिली. आज आपण ज्याला हाय-गेन मल्टी-चॅनल म्हणतो तो इथून आला. थोडक्यात, लिओ जो दोष काढायला झटत होता, त्याच्यावर दुसऱ्यांची दुकानं चालली.

स्वतः लिओ तेव्हा आजारी होता. सायनसचं इन्फेक्शन कित्येक वर्षं जाईना. आता आपण फार दिवस जगत नाही असं वाटून त्याने 1965 मध्ये कंपनी सीबीएसला 1 कोटी 30 लाख डॉलरला विकून टाकली. आणि मग डॉक्टर बदलला, अँटिबायोटिक्सचा मोठा डोस घेतला, तर चक्क बरा झाला! कंपनी गेली, दारावरचं नावही गेलं, माणूस ठणठणीत. मला तर हे वाचून हसावं की रडावं कळेना. पण तो घरी बसला नाही. आधी म्युझिक मॅन, मग 1979 पासून जी अँड एल, असं करत पुन्हा तेच पिकअप आणि तेच स्क्रू. पार्किन्सन्स झाल्यावरही तो वर्कशॉपमध्ये जात राहिला. 21 मार्च 1991 ला तो गेला, त्याच्या आदल्या दिवशीही तो कामावर होता.

आमचं भांडण अजून मिटलेलं नाही. फक्त एवढं ठरलंय की दुकानात गेल्यावर आधी गेनचा नॉब शून्यावर ठेवून स्वच्छ चॅनल ऐकायचं. मेटलवाला बाहेर चहा प्यायला जाणार आहे.