कै. डॉ. होमी भाभा आणि क्ष-किरणांचें आकाश

लोणारचें सरोवर आकाशांतून आदळलेल्या अशनीमुळें झालें, हें आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. परंतु खामगांव ते शेगांव एवढ्या अंतराहून थोडाच अधिक व्यास असलेला, आणि वजनानें मात्र सूर्याहूनहि जड, असा तारा असतो हें पुष्कळांस खरें वाटणार नाहीं. अशांस न्यूट्रॉन तारे म्हणतात. त्यांची मापें घेणारीं कांहीं यंत्रें मुंबईंत तयार झालीं. त्या कामास ज्यांनीं घर करून दिलें, त्यांचें चरित्र आम्ही येथें सांगत आहों.

होमी जहांगीर भाभा यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं मुंबईस पारशी कुटुंबांत झाला. मुलानें केंब्रिजास एंजिनियर होऊन टाटांच्या जमशेदपूरच्या पोलादाच्या कारखान्यांत काम करावें, असा वडील मंडळींचा बेत होता. १९२७ सालीं होमी विलायतेस गेले खरे, पण मन पदार्थविज्ञानांत रमलें, आणि तें त्यांनीं वडिलांस स्पष्ट कळविलें. वडिलांनीं अट घातली, कीं आधीं एंजिनियरिंगच्या परीक्षेंत पहिला वर्ग मिळवावा, मग गणितासाठीं राहावें. १९३० सालीं ती अट पुरी झाली. मुलाचा हट्ट आणि पित्याचा विवेक, दोन्ही आम्हांस सारखेच मोलाचे वाटतात.

१९३२ सालीं त्याच केंब्रिजांत चॅडविक यांनीं न्यूट्रॉन शोधला. दोनच वर्षांनीं बाडे व झ्विकी या ज्योतिर्विदांनीं नुसत्या न्यूट्रॉनांचा तारा असूं शकेल असें सुचविलें. तो दिसणार कसा, हें मात्र कोणास सांगतां येत नव्हतें.

१९३९ सालीं भाभा सुटींत घरीं आले आणि महायुद्ध पेटलें. परतीची वाट बंद झाली. बंगलोरास राहून त्यांनीं विश्वकिरणांचा अभ्यास चालविला. त्यासाठीं मापनयंत्रें विमानांतून उंच नेलीं. युद्ध संपल्यावर विलायतेंत मानाची जागा सहज मिळाली असती. पण १९४४ सालींच त्यांनीं टाटांच्या विश्वस्तांस पत्र लिहून स्वदेशांत संशोधनसंस्था मागितली होती, आणि १९४५ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्था निघाली. पुढें विश्वकिरणांसाठीं प्लास्टिकचे प्रचंड फुगे आकाशांत सोडण्याची विद्या या संस्थेनें हस्तगत केली.

हीच विद्या न्यूट्रॉन ताऱ्यांच्या कामीं आली. शेजारच्या ताऱ्याचा वायु ओढून घेतांना न्यूट्रॉन तारा कोट्यवधि अंशांपर्यंत तापतो व क्ष-किरण सोडतो. परंतु आपलें वातावरण ते अडवितें, म्हणून यंत्रच वर न्यावें लागतें. १९६८ सालीं संस्थेनें हैदराबादेहून क्ष-किरणांसाठीं फुगा सोडला. भाभांना तो पाहावयास मिळाला नाहीं. २४ जानेवारी १९६६ रोजीं व्हिएन्नास जातांना त्यांचें विमान माँ ब्लाँ पर्वतावर आदळलें होतें.

सप्टेंबर २०१५ मध्यें ॲस्ट्रोसॅट नांवाचा भारतीय उपग्रह आकाशांत गेला. त्यावर संस्थेनें बनविलेल्या, झेनॉन वायूनें भरलेल्या पेट्या होत्या. क्ष-किरण आंत शिरला कीं विजेचा बारीक ठोका उमटे. ठोक्यांच्या तालावरून तारा सेकंदास किती गिरक्या घेतो तें कळतें. आणि त्याचें तापमान, तेज व अंतर हातीं आलें, म्हणजे तो किती कोसांचा आहे, हेंहि गणितानें काढतां येतें.