ऑस्करच्या पुतळ्याचा चित्रकार : सेड्रिक गिबन्स



कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेबद्दल १९८३ साली जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर पारितोषिक मिळविले. भारतीय व्यक्तीला मिळालेले ते पहिलेच ऑस्कर. त्यांच्या हातातील सोनेरी पुतळ्याचे छायाचित्र पाहून मला नेहमी वाटे, की हा पुतळा प्रथम रेखाटला तरी कोणी? वाचता वाचता उत्तर सापडले. तो रेखाटला सेड्रिक गिबन्स या अमेरिकन कलादिग्दर्शकाने.

गिबन्स यांचा जन्म १८९० च्या सुमाराचा. वडील वास्तुकार होते. मुलगा न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये चित्रकला शिकला आणि मूकपटांच्या काळातच चित्रपटधंद्यात शिरला. १९२४ साली मेट्रो-गोल्डविन-मेयर ही कंपनी निघाली. तिच्या कलाविभागाचे ते प्रमुख झाले व १९५६ पर्यंत, म्हणजे तब्बल ३२ वर्षे, त्या जागेवर राहिले.

कलादिग्दर्शकाचे काम म्हणजे कथेतील माणसांचे घर मांडणे. जिना, खिडकी, दिवाणखाना, रस्ता, सारे त्याने ठरवायचे. ‘अवर डान्सिंग डॉटर्स’ या १९२८ च्या चित्रपटात गिबन्स यांनी सरळ रेषांची, नव्या घाटाची झगझगीत दालने दाखविली, आणि प्रेक्षकांना त्या नव्या थाटाची गोडी लागली. ‘ग्रँड हॉटेल’मध्ये (१९३२) हॉटेलचा मोठा गोल दर्शनी भाग उभा राहिला. ‘अ‍ॅन अमेरिकन इन पॅरिस’साठी (१९५१) तर पॅरिसचे रस्ते कॅलिफोर्नियातील स्टुडिओत बांधले गेले!

१९२७ साली स्थापन झालेल्या चित्रपट अकादमीच्या संस्थापकांत गिबन्स होते. पारितोषिकासाठी त्यांनी हाती तलवार घेतलेला वीर काढला व त्याला फिल्मच्या रिळावर उभा केला. रिळाचे पाच आरे म्हणजे नट, लेखक, दिग्दर्शक, निर्माते आणि तंत्रज्ञ. चित्रावरून मूर्ती घडविली जॉर्ज स्टॅन्ली या शिल्पकाराने. पहिली पारितोषिके १९२९ साली वाटली गेली. पुढे गिबन्स यांना स्वतःलाच हे पारितोषिक ११ वेळा मिळाले.

आता मला विचारात पाडणारी गोष्ट सांगते. कंपनीच्या चित्रपटांवर कलादिग्दर्शक म्हणून आपले नाव आलेच पाहिजे, असा गिबन्स यांचा करार होता. त्यामुळे सुमारे १५०० चित्रपटांवर त्यांचे नाव आहे. हिशेब केला तर जवळजवळ दर आठवड्याला एक चित्रपट! एका माणसाच्या हातून हे कसे व्हावे? प्रेस्टन एम्स, विल्यम हॉर्निंग, पॉल ग्रोस यांच्यासारखे गुणी सहकारी एकेक चित्रपट सांभाळीत. त्यांची नावे दुसऱ्या ओळीत येत. आराखडे काढणारे, सुतार, रंगारी यांची तर बहुधा येतच नसत.

म्हणून गिबन्स यांचे श्रेय खोटे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. माणसे निवडणे, वळण लावणे, कामाचा दर्जा राखणे हेही कामच. मोठ्या घरातली कर्ती बाई प्रत्येक भाजी स्वतः चिरीत नाही, तरी स्वयंपाकाची चव तिची असते. पण चिरणारीला विसरणे बरे नव्हे.

हे मी कोणत्या तोंडाने सांगू? गेल्या दिवाळीत मंडळाच्या फराळातील चकल्यांचे कौतुक माझ्या वाट्याला आले. भाजणी दोघींनी भाजली, सोऱ्याने चकल्या तिसरीने पाडल्या. मी प्रमाण सांगितले आणि कढईपाशी उभी राहिले. कौतुक झाले तेव्हा मी गप्प बसले.

गिबन्स २६ जुलै १९६० रोजी लॉस एंजेलिस येथे निवर्तले. त्यांचा पुतळा आजही दरवर्षी नव्या हातांत जातो. त्यांचे चरित्र वाचून मी एवढेच केले, की त्या तिघींची नावे चिटणीसबाईंकडे लिहून दिली आहेत. स्मरणिकेच्या शेवटच्या पानावर ती छापावीत, ही विनंती.