ओ. जी. एस. क्रॉफर्ड : आकाशातून जुनी शेतं वाचणारा माणूस



पाचवीच्या परिसर अभ्यासात माणूस शेती करू लागला, एका जागी राहू लागला, हा भाग येतो. तो शिकवताना एखादं चुणचुणीत पोर हमखास विचारतं, की हजारो वर्षांपूर्वीची शेती आपल्याला कळली कशी? मातीखाली मडकी सापडतात, दगडी हत्यारं सापडतात, हे त्याला पटतं. पण शेत कसं सापडणार? या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्या आयुष्यात आहे, त्या माणसाची आज तुम्हाला ओळख करून देते.

ऑस्बर्ट गाय स्टॅनहोप क्रॉफर्ड. जन्म २८ ऑक्टोबर १८८६, आणि तोही आपल्या मुंबईत, ब्रीच कँडीला! (क्रॉफर्ड मार्केटचे क्रॉफर्ड वेगळे बरं का. ते मुंबईचे पहिले पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड.) वडील ठाण्याला न्यायाधीश होते. बाळ काही दिवसांचं असतानाच आई वारली. पुण्याच्या एका ख्रिस्ती मठाच्या प्रमुख असलेल्या आत्याने तीन महिन्यांच्या त्या बाळाला बोटीने इंग्लंडला नेलं. वडील नोकरीसाठी इथेच राहिले. मुलाला वाढवलं ते दुसऱ्या दोन आत्यांनी, आधी लंडनला आणि मग हँपशायरच्या एका खेड्यात.

पुढे मार्लबरोच्या निवासी शाळेत घातलं. तिथे दादागिरी, सक्तीचे खेळ. मुलगा अगदी जेरीला आला. पण शाळेत निसर्ग अभ्यास मंडळ होतं. त्या मंडळाबरोबर तो स्टोनहेंज, एव्हबरीसारखी प्राचीन ठिकाणं बघायला जायचा. ऑक्सफर्डला गेल्यावर आधी ग्रीक-लॅटिन घेतलं, परीक्षेत जेमतेम तिसरा वर्ग मिळाला. मग विषय बदलून भूगोल घेतला आणि १९१० साली विशेष प्राविण्यासह पार पडले. त्या काळी भूगोलाला फारसा मान नव्हता, हे इथे लक्षात घ्या. मला स्वतःला त्यांच्या आयुष्यातला हा निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण पुढचं सगळं काम नकाशातूनच उभं राहिलं.

आता थोडं त्या जमिनीविषयी. दक्षिण इंग्लंडच्या हँपशायर, विल्टशायर, डॉर्सेट या भागांत गवताने झाकलेल्या बुटक्या, गोलसर टेकड्या आहेत. गवताखाली वीतभर माती आणि तिच्याखाली पांढराशुभ्र खडू. खरा खडू! (आपण फळ्यावर वापरतो तो आता बहुतेक जिप्समचा असतो.) या उतारांवर बांधांसारख्या बुटक्या पायऱ्या दिसतात. आपल्याकडे बांध मुद्दाम घालतात. तिथे मात्र वर्षानुवर्षं उतारावर नांगर चालला, सुटी झालेली माती दरवर्षी थोडी थोडी खाली सरकली आणि शेताच्या खालच्या कडेला साठत गेली. वरच्या कडेची झिजत गेली. अशी पायरी आपोआप तयार झाली. शेतकरी कधीच गेले, पायऱ्या राहिल्या. नंतर शतकानुशतकं तिथे फक्त मेंढ्या चरल्या म्हणून त्या टिकल्या.

क्रॉफर्ड हे सगळं पायी आणि सायकलवर हिंडून बघत. विल्यम्स-फ्रीमन नावाचे एक डॉक्टर होते, गावोगावच्या जुन्या खुणा टिपणारे. त्यांच्याकडून क्रॉफर्डना खूप शिकायला मिळालं. पण जमिनीवर उभं राहून एखादा बांध दिसतो, शेतांची मांडणी दिसत नाही.

ती दिसण्याची वाट महायुद्धातून गेली. पायदळात गेल्यावर त्यांना नकाशांचं काम मिळालं. १९१७ मध्ये ते विमानातून टेहळणी करू लागले. तिथे पायाला जखम झाली. १९१८ च्या फेब्रुवारीत शत्रूने त्यांचं विमान पाडलं आणि ते जर्मनांचे कैदी झाले. एकदा नदीतून पोहत पळायचा प्रयत्न केला, तो फसला.

१९२० मध्ये ते साउदॅम्प्टनला ब्रिटिश सरकारच्या नकाशा खात्यात, ऑर्डनन्स सर्व्हेमध्ये, पहिले पुरातत्त्व अधिकारी झाले. दोन वर्षांनी हवाई दलाच्या एका अधिकाऱ्याने हँपशायरची काही छायाचित्रं बघायला बोलावलं. ती काही इतिहासासाठी काढलेली नव्हती. पण क्रॉफर्डनी पाहिलं तर उतारच्या उतार चौकोनी शेतांच्या जाळ्याने भरलेले! लहान लहान, साधारण वीस ते साठ गुंठ्यांची शेतं. तो हलका नांगर माती नुसती उकरायचा, म्हणून उभी-आडवी नांगरट करावी लागे आणि शेत चौकोनी होई, असं आता मानतात. लांबट पट्ट्यांची शेतं नंतरच्या काळातली, हा फरकही क्रॉफर्डनी दाखवला. या चौकोनांना त्यांनी केल्टिक शेतं म्हटलं आणि ते नाव चिकटलं. खरं तर त्यातली बरीच केल्ट लोकांच्याही आधीची, साडेतीन हजार वर्षांपर्यंत जुनी निघाली.

वरून एवढं दिसतं कसं? तिरपं ऊन असलं की बुटक्या बांधाचीही सावली पडते. नांगरलेल्या जमिनीत फुटलेल्या बांधाचा खडू पांढरा उठून दिसतो. आणि बुजलेल्या चराच्या जागी माती खोल, ओल जास्त, म्हणून तिथलं पीक उंच आणि हिरवं राहतं. क्रॉफर्डचं उदाहरण मुलांना सांगायला झकास आहे: गालिच्यावर बसलेल्या मांजराला नुसते धागे दिसतात, उभ्या माणसाला नक्षी दिसते. (मांजरं त्यांची फार लाडकी!) १९२३ मध्ये छायाचित्रातल्या पुसट रेषांवरून त्यांनी स्टोनहेंजपासून निघालेल्या प्राचीन मार्गाचा नांगरटीत हरवलेला भाग ओळखला, आणि खणून खात्रीही करून घेतली.

त्याच सुमारास विंडमिल हिल या नवाश्मयुगीन टेकडीवर बिनतारी संदेशाचा मनोरा उभारायचं घाटत होतं. क्रॉफर्डनी विरोध केला. मुरंब्याच्या धंद्यातले वारसदार अलेक्झांडर कीलर यांनी ती टेकडीच विकत घेतली. १९२४ मध्ये दोघांनी विमान घेऊन टेकड्यांची छायाचित्रं काढली. त्यांचं पुस्तक १९२८ ला निघालं. त्याआधी, १९२७ मध्ये, क्रॉफर्डनी ‘अँटिक्विटी’ हे त्रैमासिक सुरू केलं होतं. ते आजही निघतं.

माणूस चिडका, एककल्ली होता. ईस्टर बेटाच्या मोहिमेतून तर भांडून अर्ध्या वाटेतच उतरला होता. लग्न केलं नाही. पण १९४० मध्ये बाँबहल्ल्यात नकाशा खात्याची कचेरी जळाली, तेव्हा आधीच काही सामान स्वतःच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवणारेही हेच.

२८ नोव्हेंबर १९५७ च्या रात्री नर्सलिंग गावी झोपेतच ते गेले. तोवर त्या टेकड्यांवर ट्रॅक्टर फिरू लागले होते. दोन-अडीच हजार वर्षं मेंढ्यांच्या खुरांखाली टिकलेले कितीतरी बांध थोड्याच वर्षांत सपाट झाले. आज अशा बऱ्याच ठिकाणी उभं राहिलं तर पिकाखेरीज फारसं काही दिसत नाही. तिथले चौकोन जसे होते तसे बघायचे असतील तर ती जुनी छायाचित्रं बघावीत.