विश्लेषण : शिष्यवृत्ती संपल्याने शिक्षण थांबलेल्या डॉ. आंबेडकरांनी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती कशी सुरू करवली?

नांदेड, लातूरमध्ये महाविद्यालयीन प्रवेश सुरू झाले की जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यासाठी धावपळ होते. अनुसूचित जातीचे विद्यार्थी ‘महाडीबीटी’ पोर्टलवर ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, ती १९४४ मध्ये सुरू झाली. तिच्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठपुरावा केला होता. पैसे संपले की शिक्षण कसे अडते, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

पहिली मदत कशी मिळाली?

मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकताना घरची परिस्थिती बेताची होती. कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी त्यांची सयाजीराव गायकवाडांशी भेट घालून दिली आणि दरमहा २५ रुपये मिळू लागले. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने अमेरिकेतील शिक्षणासाठी तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड मंजूर केले. परतल्यावर संस्थानात दहा वर्षे नोकरी करण्याची अट होती.

मुदत संपल्यावर काय झाले?

कोलंबिया विद्यापीठातून १९१५ मध्ये एम.ए. करून ते पुढच्या वर्षी लंडनला गेले. शिष्यवृत्ती संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात नोकरी होती, पण अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना. अखेर ते मुंबईला आले आणि सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. साठवलेला पगार, छत्रपती शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून उसने घेतलेले ५,००० रुपये या बळावर १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. मिळाली.

वैयक्तिक मदतीची योजना कशी झाली?

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाल्यावर त्यांनी सरकारला निवेदन दिले. त्यातून अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी वर्षाला तीन लाख रुपयांची तरतूद झाली. ओळख किंवा राजाची मर्जी लागणार नाही, नियमात बसणाऱ्याला अर्ज करता येईल, अशी वाट खुली झाली.

मराठवाड्यात काय घडले?

हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले तेव्हा येथे उच्च शिक्षणाच्या सोयी तुटपुंज्या होत्या. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. पुढे ते ‘मिलिंद’ म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी नांदेडमध्ये पीपल्स कॉलेज सुरू झाले.

आज अर्ज करताना काय पाहावे?

या शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. बँक खाते आधारशी जोडलेले हवे आणि दरवर्षी अर्जाचे नूतनीकरण करावे लागते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी राहण्या-जेवणाच्या खर्चाची स्वाधार योजना वेगळी आहे. मुदत चुकली तर वर्षभराचा खर्च घरावर येतो, म्हणून दाखले प्रवेशाआधीच काढून ठेवलेले बरे.