गायनाचार्य रामकृष्णबुवा वझे : एक पुण्यस्मरण

गेल्या वर्षी देवबागेस आपल्या ज्ञातिबांधवांची जी बैठक भरली, तीत एका वादास तोंड फुटले. आपल्या सभागृहाच्या भिंतीवर कोकण-गोमंतकातील थोर गायकांच्या तसबिरी लावाव्यात, ही सूचना सर्वांनीच उचलून धरली. परंतु तसबिरी कोणाच्या, हा प्रश्न निघताच एकमताचे तारू खडकावर आदळले. कोणी मास्टर दीनानाथांचे नाव घेतले, तर कोणी केसरबाई केरकरांचे. तरुण मंडळींचे म्हणणे असे पडले की, ज्याचे गाणे आजही लोकांच्या कानी आहे, त्यालाच तो मान द्यावा. एका वयोवृद्ध सद्गृहस्थांनी तर ज्ञातीबाहेरचा माणूस आपल्या भिंतीवर हवाच कशाला, असा रोकडा सवाल केला.

आम्ही त्या वेळी रामकृष्णबुवा वझे हे नाव सुचविले. निम्मी सभा आमच्या तोंडाकडे पाहत राहिली. त्या चेहऱ्यांत आमच्या हाताखालून गेलेले विद्यार्थीही होते. दोष त्यांचा नव्हे, आमचाच होय. काशी-ग्वाल्हेर नकाशात कोठे आहेत, ते आम्ही मुलांना शिकविले. परंतु आपल्याच मुलुखातील एक मुलगा विद्येसाठी तेथवर गेला होता, हे सांगावयाचे राहून गेले. ती उणीव भरून काढण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

बुवांचा जन्म 1871 साली तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील वझरे या गावी झाला. पितृछत्र बाळपणीच हरपले. आईने मोठ्या कष्टाने त्यांना वाढविले. गाण्याचे वेड उपजत होते. कागल येथे आरंभीचे धडे घेतल्यावर त्यांचे पाय वळले ते आपल्या मालवणकडे. येथे विठोबाअण्णा हडप यांच्यापाशी त्यांनी काही काळ गायनाचा अभ्यास केला. देवबागेहून बाजारहाटासाठी ज्या मालवणास आपण नित्य जातो, त्याच गावी या थोर गायकाने स्वरसाधना केली, ही गोष्ट आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

पुढे अल्पवयातच ते विद्येच्या शोधार्थ घराबाहेर पडले. खिशात पैसा नाही, ओळखपाळख नाही, अशा स्थितीत बरीचशी वाट पायी तुडवीत, पुणे, इंदूर, काशी अशी मजल-दरमजल करीत ते अखेर ग्वाल्हेरीस पोहोचले. तेथे खाँसाहेब निसार हुसेन खाँ यांचे शिष्यत्व त्यांना लाभले. त्या काळी विद्या ही गवयाची खाजगी मिळकत मानली जाई. गुरूची सेवा करावी, त्याची मर्जी सांभाळावी, आणि प्रसन्न होऊन त्याने एखादी चीज दिलीच, तर ती प्राणापलीकडे जपावी, अशी रीत होती. बुवांनी हे सारे सोसले. पुढेही ठिकठिकाणच्या गुणिजनांकडून त्यांनी दुर्मिळ राग आणि चिजा मिळविल्या. जिथे मध तिथे मधमाशी, त्याप्रमाणे हा मनुष्य विद्येपाठी हिंडला. अनवट रागांचे भांडार म्हणून त्यांचा जो लौकिक झाला, तो अशा भ्रमंतीचे फळ होय.

बुवांचा आवाज स्वभावतः गोड नव्हता, असे जाणकार सांगतात. खंबावती, बरवा, तिलककामोद अशा रागांतील त्यांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत, त्या उतारवयातील. आमच्या नातवाने त्यांतील एक मोबाइलवर ऐकली आणि आवाज खरखरीत आहे, असे म्हणून बंद केली. आम्ही त्यास पुन्हा ऐकावयास लावले. आवाजाकडे लक्ष न देता लयीकडे दे, तान कोठून निघते आणि समेवर कशी येते ते पाहा, असे सांगितले. तिसऱ्या वेळी तो स्वतःहून ऐकत बसला!

परंतु बुवांची खरी थोरवी त्यांच्या शिष्यपरंपरेत आहे. 1908 साली ललितकलादर्श मंडळी स्थापन करणारे केशवराव भोसले हे त्यांचे शिष्य, आणि त्यांच्यामागे ती नाटक मंडळी चालविणारे बापूराव पेंढारकर हेही त्यांचेच शिष्य. मास्टर दीनानाथांच्या बळवंत संगीत मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या ‘रणदुंदुभि’ (1927) आणि वीर सावरकरांच्या ‘संन्यस्त खड्ग’ (1931) या नाटकांतील पदांच्या चाली बुवांच्या. दीनानाथांनी त्या आपल्या तेजस्वी गळ्याने घरोघरी नेल्या. आणि केसरबाई? अल्लादिया खाँसाहेबांपाशी दीर्घ तालीम घेण्यापूर्वी, गोमंतकात बुवांचा मुक्काम असे त्या काळात, त्यांनीही बुवांपाशी शिक्षण घेतले होते. 1977 साली व्हॉयेजर ही अमेरिकेची याने अंतराळात झेपावली, त्यांच्यासोबतच्या तबकडीत साऱ्या मानवजातीच्या वतीने जे मोजके संगीत निवडले गेले, त्यात भारतातर्फे केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात बाई निवर्तल्या.

आमच्या सभेत दोन पक्ष ज्या दोन नावांसाठी भांडत होते, ती दोन्ही नावे अशी एकाच गुरूच्या अंगणात येऊन मिळतात. संगमावर उभे राहून कर्ली थोर की समुद्र थोर, असा वाद घालणाऱ्यांनी सह्याद्रीस विसरावे, तशातलाच हा प्रकार झाला.

आणखी एक गोष्ट. जी विद्या मिळविण्यासाठी बुवांनी हाडांची काडे केली, ती त्यांनी पेटीत कुलूप लावून ठेवली नाही. ‘संगीत कला प्रकाश’ या ग्रंथाच्या दोन भागांत त्यांनी अनेक चिजा स्वरलिपीसह छापून प्रसिद्ध केल्या. पहिला भाग 1938 साली निघाला. ज्याला स्वतःला दारोदार हिंडावे लागले, त्याने पुढच्यांसाठी दार उघडे ठेवले.

नियतीने मात्र त्यांची कठोर परीक्षा पाहिली. केशवराव 1921 साली गेले, बापूराव 1937 साली, तर दीनानाथ 1942 साली. तिन्ही शिष्य ऐन कर्तृत्वाच्या काळात गेले आणि म्हातारा गुरू मागे राहिला. 1945 साली पुणे येथे बुवांनी देह ठेवला.

आता त्या वयोवृद्ध सद्गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. बुवांचे गुरू खाँसाहेब होते. शिष्य नाना ज्ञातींचे होते. विद्या घेताना त्यांनी देणाऱ्याची जात पाहिली नाही, देताना घेणाऱ्याची पाहिली नाही. मग त्यांची तसबीर लावताना आपण ती का पाहावी? ज्ञातीचा अभिमान अवश्य असावा. परंतु आपल्या मुलांनी केवळ आपल्याच माणसांच्या तसबिरी पाहिल्या, तर त्यांची दृष्टी खाडीपलीकडे कशी जाणार?

दीनानाथ आणि केसरबाई यांच्या तसबिरींस आमचा विरोध नाही. त्या अवश्य लागाव्यात. आमची विनंती एवढीच की, त्या दोहोंच्या मध्ये, किंचित वर, त्यांच्या गुरूंना जागा असावी. हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे येणार आहे. तत्पूर्वी प्रत्येक कुटुंबाने घरच्या मुलाबाळांस हे चरित्र वाचून दाखवावे आणि बुवांची एक तरी ध्वनिमुद्रिका त्यांच्यासह शांतपणे ऐकावी. मग सभा जो निर्णय घेईल, तो आम्हांस शिरोधार्य आहे. न ऐकता घेतलेला निर्णय मात्र आम्ही मान्य करणार नाही, हे नम्रपणे नमूद करून ही लेखणी थांबवितो.