भाड्याच्या बंदुका घेऊन सुरुवात केली आणि निजामाला स्वतःचा बंदुकांचा कारखाना उभारून दिला, असा होता मुसा रेमू

घाटनांदूर. अंबाजोगाई तालुक्यातलं मोठं गाव, परळी-विकाराबाद लाईनवरचं रेल्वे स्टेशन. या भागात फिरलात तर पांढऱ्या मातीच्या पडक्या गढ्या दिसतात आणि जुने माळवदाचे वाडे दिसतात. अशाच एखाद्या वाड्यात, माळ्यावर, गोधड्यांच्या खाली एक लांबलचक ठासणीची बंदूक सापडते. मग घरातला प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो. कुणी म्हणतं पणजोबांना निजामानं दिली, कुणी म्हणतं पेंढाऱ्यांकडून हिसकावली, कुणी म्हणतं विलायती आहे.

पण मुळात ती बनवली कुणी?

हा प्रश्न मराठवाड्यात विचारला की एका माणसाचं नाव घ्यावंच लागतं. तो ना मराठा होता, ना मुघल, ना इंग्रज. तो होता फ्रेंच. नाव मिशेल जोआकिम मारी रेमंड. हैदराबादचे मुसलमान त्याला मुसा रहीम म्हणायचे, हिंदू त्याला मुसा राम म्हणायचे आणि बाकी सगळ्यांसाठी तो मुसा रेमू.

आता या मुसा रेमूची गोष्ट सुरुवातीपासून बघू.

रेमंडचा जन्म १७५५ चा, फ्रान्सच्या गॅस्कनी भागातल्या सेरिन्याक गावचा. वयाच्या विशीत, १७७५ मध्ये तो पाँडिचेरीला आला ते व्यापार करायला. पण त्या काळात दक्षिणेत लढायांचाच सीझन चालू होता. रेमंडनं तराजू ठेवला आणि तलवार उचलली. आधी तो म्हैसूरच्या हैदर अलीच्या फौजेतल्या फ्रेंच तुकडीत गेला. १७८३ मध्ये फ्रेंच सेनापती बुसी भारतात आला तेव्हा रेमंड त्याच्या खास मदतनीसांत होता. १७८५ मध्ये बुसी वारला आणि रेमंड नव्या मालकाच्या शोधात निघाला.

मालक मिळाला हैदराबादला. दुसरा निजाम, निजाम अली खान. एका बाजूला मराठे, दुसऱ्या बाजूला टिपू आणि किनाऱ्यावर इंग्रज, असा हा निजाम तिन्हीकडून अडकलेला होता. त्याला युरोपियन पद्धतीची कवायती फौज हवी होती.

रेमंडनं सुरुवात केली फक्त ३०० माणसांवर. आणि त्यांच्या हातातल्या बंदुका कुणाच्या? तर भाड्याच्या. एका फ्रेंच व्यापाऱ्याकडून महिना आठ आणे भाड्यानं त्या घेतल्या होत्या, असं सांगितलं जातं.

इथंच रेमंडला खरी गोम कळली. बंदूक दुसऱ्याची असेल तर फौज आपली नसते. भाडं थकलं, व्यापारी फिरला किंवा इंग्रजांनी बंदरावर माल अडवला, की खेळ खल्लास.

म्हणून त्यानं हैदराबादमध्ये तोफा आणि बंदुका तयार करण्याचे कारखाने उभे केले. धातू वितळवायचा, साच्यात ओतायचा, तोफ बाहेर काढायची. लोक त्या जागेला 'तोप का सांचा' म्हणायला लागले. आज हैदराबादला फतेह मैदानाजवळ 'गनफाउंड्री' नावाचा एरिया आहे ना, तो हाच. रोज हजारो लोक तिथून जातात. नाव घेतात, पण ते कुणामुळं पडलं हे बऱ्याच जणांच्या गावीही नसतं.

३०० माणसांची ही फौज वाढत वाढत दहा हजारांच्या वर गेली. आणि तिची मोठी परीक्षा झाली ती बीडच्या शेजारी.

११ मार्च १७९५. ठिकाण खर्डा, आत्ताच्या जामखेड तालुक्यातलं. एका बाजूला पेशवे, शिंदे, होळकर, भोसले असे सगळे मराठे सरदार एकत्र. दुसऱ्या बाजूला निजाम. गंमत म्हणजे शिंद्यांच्या कवायती पलटणीही एका फ्रेंचाच्याच हाताखाली होत्या, त्याचं नाव पेराँ. म्हणजे मराठवाड्याच्या वेशीवर दोन फ्रेंच एकमेकांवर तोफा डागत होते.

रेमंडच्या पलटणी टिकून लढल्या. पण निजामच घाबरला आणि रात्रीच मागं फिरून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला. लढाई तिथंच संपली. दौलताबादच्या किल्ल्यासह मोठा मुलूख त्याला मराठ्यांना लिहून द्यावा लागला.

इंग्रजांनी या लढाईत निजामाला मदत केली नव्हती. त्यामुळं निजाम त्यांच्यावर चिडला आणि रेमंडचं वजन आणखी वाढलं. त्याच वर्षी निजामाचा मुलगा अली जाह यानं बंड केलं. ते मोडून काढायलाही रेमंडच धावला.

पण २५ मार्च १७९८ ला रेमंड अचानक गेला. वय अवघं ४२. विषप्रयोगाची कुजबुज तेव्हापासून आजपर्यंत सुरू आहे.

तो गेला आणि सहा महिन्यांत डाव पलटला. १ सप्टेंबर १७९८ ला निजामानं इंग्रजांशी तह केला. २२ ऑक्टोबरला इंग्रजी फौजेनं रेमंडच्या पलटणींना वेढा घातला. पगार थकल्यामुळं शिपाई आधीच आपल्या फ्रेंच अधिकाऱ्यांवर उलटले होते. जवळपास १४ हजार जणांनी रक्ताचा थेंब न सांडता हत्यारं खाली ठेवली. हैदराबादच्या फौजेची दोरी त्यानंतर इंग्रजांच्या हातात गेली. पुढं अंबाजोगाईलाही, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची छावणी होती.

आता परत येऊ माळ्यावरच्या बंदुकीकडं. ती कुणाची हे कसं ओळखायचं?

पहिली गोष्ट, नळीच्या आत बघण्याआधी ती भरलेली नाही ना, हे जाणकाराकडून तपासून घ्या. जुनी दारूसुद्धा पेट घेऊ शकते. नळीच्या आत पीळदार खाचा असतील तरच ती रायफल. आतून गुळगुळीत असेल तर ती साधी बंदूक, नळी कितीही लांब असो.

मग चाप बघा. जळता तोडा लावायची सोय असेल तर ती तोड्याची, बहुतेक देशी लोहाराच्या हातची. गारगोटी धरणारा घोडा असेल तर चकमकीची. तांब्याची टोपी बसवायची जागा असेल तर १९ व्या शतकातली, म्हणजे रेमंडच्या नंतरची.

मग शिक्के शोधा. बदामाच्या आकारात व्ही, ई, आय, सी ही चार अक्षरं म्हणजे ईस्ट इंडिया कंपनी. पुढं १८०८ च्या सुमारास त्याजागी सिंह आला. लंबवर्तुळात ई, एल, जी असेल तर बेल्जियमचं लिएज शहर. नळी लाकडाला धातूच्या पट्ट्यांनी बांधलेली असेल तर ती फ्रेंच धाटणी असू शकते, कारण त्या काळातल्या इंग्रजी बंदुकांत नळी खिळींनी अडकवलेली असायची. पण नुसत्या पट्ट्या दिसल्या म्हणून लगेच रेमंडचं नाव लावू नका. नंतरच्या इंग्रजी बंदुकांनाही पट्ट्या आल्या. आणि नळीवर फारसी अक्षरं आणि हिजरी साल असेल तर ते वाचून घ्या, अर्धी गोष्ट तिथंच कळेल.

आणि हो, पॉलिश पेपरनं घासू नका. गंजाबरोबर शिक्काही जातो आणि बनवणाऱ्याचं नाव कायमचं पुसलं जातं. फोटो काढा, मापं घ्या आणि घरात बंदूक आहे हे पोलीस ठाण्यात विचारून कागदावर आणा. जुनी आहे म्हणजे कायदा लागत नाही, असं गृहीत धरू नका.

रेमंडची कबर आजही हैदराबादला टेकडीवर आहे. काळ्या दगडाचा उंच खांब आणि त्यावर जे आणि आर ही दोन अक्षरं. त्याच्या पुण्यतिथीला तिथं बरीच वर्षं उरूस भरायचा. कारखान्याच्या मालकाला निदान दोन अक्षरं तरी मिळाली. पण त्याच्या भट्टीपुढं घाम गाळणाऱ्या आणि गावोगावी नळ्या ठोकणाऱ्या लोहारांची खूण असलीच, तर ती अशाच एखाद्या माळ्यावरच्या बंदुकीवर असेल. म्हणून ती भंगारात घालण्याआधी एकदा उजेडात धरून बघा.